एक जूनची पोरं आणि पंधरा सप्टेंबर

आमच्या भागात नळाला पाणी सांगायला चौथ्या दिवशी येतं, खरं पाचव्या दिवशी येतं, आणि ते पण पहाटे, कधी साडेचारला कधी साडेपाचला, त्यामुळं त्या दिवशी घरातल्या एकानं उठून बसायचं असतं आणि तो एक म्हणजे कायम मीच. मोटर लावायची, पायरीवर बसायचं, मोबाईल काढायचा. आता पहाटे पाचला लाइव्ह काय असतं सांगा. क्रिकेट नसतं. पण कॅनडा-अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते आणि तिथं आइस हॉकीच्या मॅचेस रंगात आलेल्या असतात. तर असं करत करत, बर्फ म्हटलं की गोळ्याच्या गाडीपलीकडं डोळ्यासमोर काही न येणाऱ्या या गावात, मे महिन्यात, ४३ डिग्रीला, बॅरल भरता भरता मला आइस हॉकीचा नाद लागला. बायको म्हणते पाणी ओव्हरफ्लो होऊन जिन्यात गेलं तरी तुम्हाला कळत नाही. एकदा गेलंय खरं.

नाद लागायचं दुसरं कारण म्हणजे पुतण्या. दादा बरीच वर्षं टोरांटोकडं आहे, त्याचा पोरगा तिथंच जन्मला, तिथंच वाढला, आणि तिथल्या पोरांसारखा स्केट्स घालून हॉकी खेळतो. वय १५. मराठी बोलतो, पण वाक्य सोलापुरात सुरू होऊन मध्येच टोरांटोला पोचतं. मागच्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला, तोंड एवढंसं. वरच्या लेव्हलच्या टीमच्या ट्रायआउटमध्ये घेतला नाही. का, तर अंगानं लहान. मी म्हटलं अरे जेव, मोठा होशील, तर म्हणतो, "काका, तसं नाही, मी २९ डिसेंबरचा आहे ना, माझ्या ग्रुपमध्ये जानेवारीची पोरं आहेत, ती माझ्यापेक्षा एक वर्ष मोठी आहेत. मी तीन दिवस नंतर जन्मलो असतो तर मी माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यात मोठा असतो." आणि मग हळूच, "काका, आजी म्हणाली तुमच्या दुकानात डेट चेंज होते."

मी एवढा हसलो की झेरॉक्सला आलेली कॉलेजची पोरं बघायला लागली.

आजी, म्हणजे आमची आई, काय बोलली असेल ते माझ्या लक्षात आलं. माझं दुकान एका शाळेसमोर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आधार-पॅनची कामं. दिवसभर माझ्या हातातून जातात त्या जन्मतारखा. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, जन्माच्या दाखल्यावर तिसरी, आणि आईला विचारलं तर चौथी. "नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला बघा, लै पाऊस होता." आता पावसाचा रकाना फॉर्ममध्ये नसतो. तर या सगळ्या तारखा जुळवायचे फॉर्म मी भरतो, तारखा बदलत नाही, हे आईला चाळीस वेळा सांगून झालंय.

पण तारीख बदलण्यात आमचं घर एकदा सापडलेलं आहे, आणि ते माझ्याच बाबतीत.

तुम्ही मराठी असाल आणि चाळिशीच्या पुढचे असाल तर तुम्हाला एक जूनचं सांगायला नको. एक जूनला फेसबुक उघडा, निम्मं गाव बर्थडे बॉय. मामा, शेजारचे अण्णा, बँकेतले साहेब, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. पूर्वी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबाप पोराला घेऊन यायचे, जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी पोराकडं एकदा बघायचे आणि रजिस्टरला एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्याचा पुढं आयुष्यभर परिणाम बघा. सरकारी नोकरीत ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ३१ मेला महाराष्ट्रात ऑफिसं रिकामी होतात. आमचे आप्पा पण असेच ३१ मेला हार-नारळ घेऊन घरी आले. आप्पांचा खरा जन्म कधीचा हे त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही, फक्त जोंधळ्याची कापणी चालू होती एवढं तिला आठवायचं. आता जोंधळ्याची कापणी काय जूनमध्ये असते का.

माझं मात्र पक्कं ठाऊक आहे. गड्ड्याची जत्रा चालू होती, होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू होतं, आई सिव्हिलमध्ये होती आणि आप्पा बाहेर उभे राहून आकाशात फुटणारं बघत होते. १५ जानेवारी १९८४. आणि शाळेत माझी तारीख आहे १ जून १९८३. कारण चुलतभाऊ त्या वर्षी पहिलीला चालला होता, दोघं बरोबर जातील-येतील, आईची एक खेप वाचेल, म्हणून आप्पांनी मला पण नेलं. गुरुजी म्हणाले सहा पूर्ण पाहिजेत. आप्पा म्हणाले आहेत की. झालं. साडेसात महिने मी एका शाईच्या फटक्यात मोठा झालो.

त्याचं बिल नववीत आलं. मी खो-खो खेळायचो, बरा खेळायचो म्हणजे पळतीला चांगलाच होतो, अंगानं काडी असल्यामुळं सापडायचोच नाही. चौदा वर्षांखालच्या जिल्ह्याच्या निवडीला सरांनी नाव दिलं. पार्क मैदानावर टेबल टाकलेलं, टेबलामागं एक साहेब, समोर दाखल्यांचा गठ्ठा. नियम साधा होता, जन्म १ जानेवारी १९८४ किंवा त्यानंतरचा पाहिजे. साहेबांनी माझा बोनाफाईड बघितला, पेनानं तारखेखाली रेघ मारली आणि म्हणाले, "हा बसत नाही. पुढचा." मी म्हटलं सर, माझा खरा वाढदिवस १५ जानेवारीला असतो, घरी जिलेबी आणतात. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. साहेब मात्र हसले नाहीत, ते चांगले होते, म्हणाले बाळा मला जिलेबी दिसत नाही, मला कागद दिसतो.

म्हणजे खऱ्या तारखेनं मी दोन आठवड्यांनी आत होतो आणि कागदानं सात महिने बाहेर. मग सतरा वर्षांखालच्या गटात गेलो, तिथं मिसरूड फुटलेली पोरं, दोन वर्षं बेंचवर बसून चपला सांभाळल्या. पुढं खेळ सुटला. आता यात माझं फार काही बुडालं असं नाही, मी काय भारताकडून खेळणार नव्हतो, पण ती पेनाची रेघ मला अजून दिसते.

म्हणून जेव्हा हॉकी बघता बघता मी ओवेचकिन नावाच्या हॉकीपटूची गोष्ट वाचली, तेव्हा मी पायरीवर एकटाच "अरे तिच्यायला" म्हणालो.

तिकडची मोठी लीग म्हणजे एनएचएल. ३२ टीम. नवीन पोरं घ्यायची त्यांची पद्धत आयपीएलच्या लिलावासारखी नाही, तिथं ड्राफ्ट असतो, दर वर्षी उन्हाळ्यात, टीम क्रमानं एकेक पोरगा निवडतात, ज्याचा सीझन वाईट गेला त्याला वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त, मध्ये थोडी लॉटरी. पैसे लावायचे नाहीत, पोरानं टीम निवडायची नाही. आणि यात नाव यायचं तर वयाचा नियम असा की त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झाले पाहिजेत. ड्राफ्ट जूनच्या शेवटाकडं, पण तारीख मोजायची १५ सप्टेंबरची. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेला पोरगा १७ वर्षांचा असतानाच निवडला जातो. सिडनी क्रॉस्बी ७ ऑगस्टचा, २००५ मध्ये पहिल्या नंबरवर गेला तेव्हा सतराचाच होता.

आणि अलेक्झांडर ओवेचकिन १७ सप्टेंबर १९८५ चा. दोन दिवस. फक्त दोन दिवसांनी तो २००३ च्या ड्राफ्टमधून बाहेर. सगळ्यांना ठाऊक होतं पोरगा काय चीज आहे, पण पुढच्या वर्षापर्यंत हात लावता येईना. तर फ्लोरिडा पँथर्स नावाच्या टीमनं काय केलं, २००३ च्या ड्राफ्टमध्ये शेवटी शेवटी त्याचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, आणि युक्तिवाद काय, तर लीप वर्षं! मधल्या काळात जे जादा दिवस आले ते धरले तर पोरगा अठराचा झालाय म्हणे.

मी दुकानात कॅल्क्युलेटरवर मांडून बघितलं, अशा गोष्टीत मला फार रस. अठरा गुणिले ३६५, झाले ६५७०. ओवेचकिनच्या जन्मापासून ६५७० दिवस मोजले तर तारीख येते १३ सप्टेंबर २००३. कारण मध्ये ८८, ९२, ९६ आणि २००० अशी चार लीप वर्षं, चार दिवस जादा. म्हणजे वर्ष हे ३६५ दिवसांचंच धरलं तर साहेब दोन दिवस आधीच अठराचे! गणित चोख आहे बरं का. माझ्या दुकानात येणारे काही पालक असलं डोकं लावतात, पण इतकं सुंदर अजून कुणी लावलेलं नाही. लीगनं अर्थातच ऐकलं नाही. २००४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनं त्याला पहिल्या नंबरवर घेतला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यानं वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलचा विक्रम मोडला, वॉशिंग्टनच्याच जर्सीत.

आता पुढची मजा. त्याच फ्लोरिडानं २०१३ मध्ये दुसऱ्या नंबरवर एक फिनलंडचा पोरगा घेतला, अलेक्झांडर बार्कोव्ह. जन्म २ सप्टेंबर १९९५. म्हणजे हा तेरा दिवसांनी आत! त्याच्याच कॅप्टनशिपखाली फ्लोरिडानं २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगची ट्रॉफी, मारले. एका अलेक्झांडरनं दोन दिवसांनी हुलकावणी दिली, दुसरा तेरा दिवसांनी पदरात पडला. आई हे ऐकून म्हणाली नशीब असतं एकेकाचं. नशीब कसलं, कॅलेंडर असतं.

ऑस्टन मॅथ्यूज पण १७ सप्टेंबरचाच, साल १९९७. पुन्हा तेच दोन दिवस. त्यानं काय केलं, वाया जाणारं एक वर्ष स्वित्झर्लंडला जाऊन झुरिकच्या टीमकडून मोठ्या माणसांबरोबर काढलं, पगार घेऊन. मग २०१६ मध्ये टोरांटोनं त्याला पहिला नंबर दिला आणि पहिल्याच मॅचमध्ये पठ्ठ्यानं चार गोल मारले. माझा पुतण्या तेव्हा लहान होता पण त्या घरात अजून त्या चार गोलांची गोष्ट आपल्याकडं ८३ च्या वर्ल्ड कपची सांगतात तशी सांगतात.

तर मला वाटायला लागलं, हा अठराचा आकडा आला कुठून. मला आधी वाटलं पोरांच्या काळजीपोटी असेल. शिक्षण, शरीर, वगैरे. जुनं बघितलं तर काळजीबिळजी काही नव्हती, दुसऱ्या महायुद्धात खेळाडू लढायला गेले तेव्हा बॉस्टन ब्रुइन्सनं १९४२ मध्ये बेप गिडोलिन नावाचं १६ वर्षांचं पोरगं उतरवलं, तो आजही त्या लीगमध्ये खेळलेला सगळ्यात लहान माणूस आहे. गरज पडली की सोळा पण चालतं.

पुढं सत्तरच्या दशकात नियम होता विसाचा. वीसच्या आत घ्यायचं नाही. आणि १९७२ मध्ये समोर दुसरी लीग उभी राहिली, डब्ल्यूएचए, त्यांना माणसं पाहिजे होती. त्यांनी गॉर्डी हाऊ नावाच्या पंचेचाळीस वर्षांच्या दिग्गजाला त्याच्या दोन पोरांसकट ह्यूस्टनला आणला, त्यातला धाकटा मार्क अठराचा. बाप आणि लेक एका टीममध्ये, काय दृश्य असेल. पण त्या लीगमध्ये सुद्धा कागदावर विसाचाच नियम होता, आणि केन लिन्समन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरावर तो बसला. टीमला तो हवाय, त्याला खेळायचंय, मध्ये नियम. गडी १९७७ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात गेला. आणि जिंकला! कोर्टानं म्हटलं हे म्हणजे मालकांनी आपसात ठरवून एका माणसाचा धंदा अडवणं झालं, मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही.

झालं, धरणाचं दार उघडलं. १९७८ मध्ये इंडियानापोलिसच्या टीममालकानं सतरा वर्षांच्या वेन ग्रेट्स्कीला करारावर घेतला, आठ मॅच खेळवल्या आणि पैशाची चणचण म्हणून एडमंटनला विकून टाकला. विकून. जगातला सगळ्यात मोठा हॉकीपटू, आठ मॅचनंतर. आणि एडमंटननं त्याच्या अठराव्या वाढदिवशी, २६ जानेवारी १९७९ ला, मैदानाच्या मधोमध उभं करून त्याच्याकडून एकवीस वर्षांच्या करारावर सही घेतली. अठरा वर्षांच्या पोरानं एकोणचाळीसपर्यंतचा करार! आपल्याकडं एवढ्या मुदतीचं फक्त होम लोन असतं. बर्मिंगहॅम बुल्सनं तर मिशेल गुले, रिक व्हाइव्ह, रॉब रामेज अशी पोरंच पोरं भरली, लोक त्यांना बेबी बुल्स म्हणायचे. मग मात्र एनएचएलला घाम फुटला. चांगला माल समोरचा आधीच उचलतोय म्हटल्यावर १९७९ आणि १९८० मध्ये त्यांनी ड्राफ्टचं वय खाली आणत आणत अठरावर आणलं.

म्हणजे अठरा हा आकडा डॉक्टरनं नाही काढला, मास्तरनं नाही काढला. एका पोरानं केस केली आणि समोरच्या दुकानात गिऱ्हाईक जायला लागलं, म्हणून निघाला. मला हे कळल्यावर फार बरं वाटलं का वाईट, सांगता येत नाही. पण तेव्हापासून कुणी वयाच्या नियमाबद्दल "मुलांच्या हितासाठी" म्हणालं की मी विचारतो, कुणाच्या मुलांच्या.

कारण अजूनही तिथं एक असा नियम आहे की जो मला पोराच्या हिताचा वाटत नाही. कॅनडात सीएचएल म्हणून ज्युनियर लीगचा गट आहे, सोळा ते वीसची पोरं, घरापासून लांब, दुसऱ्याच्या घरी राहून खेळतात, मानधन म्हणाल तर किरकोळ, पण स्टेडियम भरलेलं असतं. या लीगमधून ड्राफ्ट झालेला पोरगा अठराचा असताना एक तर थेट एनएचएलमध्ये खेळणार, नाही तर परत ज्युनियरमध्ये. मधली जी लीग आहे, एएचएल, जिथं खरं म्हणजे शिकायला मिळतं, तिथं त्याला जाता येत नाही अशी वर्षानुवर्षांची व्यवस्था. पण युरोपातून ड्राफ्ट झालेल्याला हे बंधन नाही. डेव्हिड पास्टरनाक स्वीडनमधून आला आणि २०१४ मध्ये अठराव्या वर्षीच एएचएलला खेळून तयार झाला. वय तेच, उंची तीच, फरक एवढाच की कुठल्या रांगेतून आला. का? कारण ज्युनियर टीमचे स्टार गेले तर त्यांची तिकिटं कोण काढणार. हे मी नाही म्हणत, हे उघड आहे.

त्यात परत ती नऊ मॅचची भानगड. अठरा-एकोणीसचा पोरगा करारावर घेतला आणि एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी मॅच खेळवल्या तर कराराचं ते वर्ष मोजत नाहीत, करार पुढं सरकतो. म्हणून काय होतं, ऑक्टोबरमध्ये टीम पोराला नऊ मॅच खेळवून बघते, आणि नवव्या मॅचनंतर सगळे घड्याळाकडं बघितल्यासारखं बघत असतात, ठेवतात का पाठवतात. पुतण्या सांगतो की त्या दिवशी त्यांच्या शाळेत पण चर्चा असते. मला आमच्या ओळखीत एका कंपनीत बारावा महिना भरायच्या आत ब्रेक देऊन परत घेतलेली कंत्राटी माणसं आठवली. नाव नको.

कॉलेजवाल्यांचं आणखी वेगळं होतं. सीएचएलमध्ये एकदा खेळला की अमेरिकेतल्या कॉलेजचं हॉकी बंद, कारण तो प्रोफेशनल धरायचे. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी पोरानं ठरवायचं, हा रस्ता का तो. हे मात्र ऑगस्ट २०२५ पासून उठलं, आणि लगेच गॅव्हिन मॅकेना नावाचा ज्युनियरमधला सगळ्यात गाजलेला पोरगा पेन स्टेट कॉलेजला गेला. हा पण डिसेंबरचा, २० डिसेंबर २००७. पुतण्याचा देव. डिसेंबरचा आहे म्हणून जास्तच.

पण तिथली एक गोष्ट मला मनापासून आवडली. नियमाच्या शेजारी त्यांनी एक छोटं दार ठेवलंय. ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये साधारण सोळाव्या वर्षी घेतात, पण एखादा पोरगा खरंच वेगळा असेल तर त्याला एक वर्ष आधी घेता येतं, त्याला एक्सेप्शनल स्टेटस म्हणतात. घरच्यांनी अर्ज करायचा, मग नुसता खेळ बघत नाहीत, शाळेतलं कसं आहे, डोकं ताळ्यावर आहे का, घरापासून लांब राहील का, हे सगळं तपासतात. पहिल्यांदा २००५ मध्ये जॉन टवारेसला मिळालं, मग २०११ ला एकब्लॅड, २०१२ ला कॉनर मॅकडेव्हिड. पश्चिमेकडच्या लीगमध्ये पहिला कॉनर बेडार्ड, २०२०. आणि आता टवारेसची गंमत बघा, एका दारातून तो वर्षभर आधी आत आला, आणि दुसऱ्या दारात अडकला, कारण जन्म २० सप्टेंबर १९९० चा, एनएचएलच्या तारखेला पाच दिवस कमी. एवढा एक्सेप्शनल, तरी ड्राफ्टला २००९ पर्यंत थांबला. तिथं अर्ज चालत नाही.

आणि शिक्का बसला म्हणून सोनं होतं असंही नाही. २०१३ ला शॉन डे नावाच्या पोराला हेच स्टेटस मिळालं, ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीपर्यंत खाली गेला. शेन राइट पहिल्या नंबरवर जाणार असं दोन-तीन वर्षं सगळे म्हणत होते, २०२२ मध्ये चौथ्यावर गेला. पंधराव्या वर्षी "असामान्य" म्हणून अख्ख्या देशात नाव छापून यायचं आणि अठराव्या वर्षी टीव्हीवर बसून तीन नावं आपल्या आधी ऐकायची. चौथा नंबर काय वाईट आहे का, पण त्या पोराचं तोंड बघा त्या व्हिडिओत.

आपल्याकडं हे सगळं आता कुठं सुरू झालंय. वैभव सूर्यवंशी २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी आयपीएल खेळला, पहिल्या बॉलला सिक्स, आठ-दहा दिवसांत ३५ बॉलमध्ये शंभर. तेव्हा दुकानात रोज चर्चा, याला इंडियात घ्या की बे. पण आयसीसीनं २०२० मध्ये पंधराची अट आणली आहे, त्याच्या आत इंटरनॅशनल खेळायचं तर खास परवानगी लागते. म्हणजे चौदाचा लीगला चालतो, देशाला चालत नाही. आमच्या इथला चहावाला म्हणाला, "लग्नाला एकवीस, मताला अठरा, सिक्सला कशाला वय पाहिजे." मुद्दा आहे.

आता पुतण्याचं. त्याला मी जे सांगितलं ते हे की बाळा तुझी तक्रार खरी आहे आणि ती तुझ्या आधी एका बाईनं पकडलेली आहे. कॅनडातला रॉजर बार्न्सली नावाचा मानसशास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकात बायकोबरोबर लेथब्रिजला ज्युनियर मॅच बघायला गेला होता, बायकोनं बसल्या बसल्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा वाचल्या आणि म्हणाली अहो, हे सगळे जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचेच कसे. मग त्यानं मोजलं, वरच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीची पोरं भरलेली, शेवटची कमी. कारण तिथं लहान पोरांचे गट १ जानेवारीला तोडतात. आठव्या-नवव्या वर्षी जानेवारीचा पोरगा डिसेंबरच्यापेक्षा वर्षानं मोठा, म्हणून उंच, म्हणून टीममध्ये, म्हणून त्याला चांगला कोच, जास्त सराव, आणि मग तो खरंच चांगला होतो. हुशारी नंतर येते, उंची आधी.

पुतण्या म्हणाला, "मग काका, रूल बदलत का नाहीत?" मी म्हटलं बदलून काय करशील, १ जुलै केली तर जूनची पोरं रडतील. रेघ कुठं तरी मारावीच लागते. वाईट याचं वाटतं की रेघ मारून झाल्यावर परत कुणी बघायला येत नाही की पलीकडं कोण राहिलं. ते त्याला कितपत पोचलं ठाऊक नाही, नेट गेलं.

कॉल कट झाला तेव्हा काउंटरवर एकजण उभा होता, सोबत पोरगं. पोरगं चांगलं आडव्या अंगाचं, कान जरा मोडलेले, म्हणजे तालमीतलं. बापानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून जन्माचा दाखला काढला आणि काउंटरवर ठेवला, मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "मालक, एवढा एक आकडा जरा नीट करून द्या की. चौदाच्या आत बसवायचाय." दाखल्यावर महिना होता डिसेंबर, आणि जे साल होतं त्यानं पोरगं गटाच्या बाहेर जात होतं. किती दिवसांनी, तर सहा.

मी म्हटलं, "अण्णा, ते होत नाही, आणि करू पण नका. आता हाडं बघतात. क्रिकेटवाले डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून वय सांगतात, उद्या कुस्तीला पण काढतील." तो म्हणाला, "सहा दिवसांत हाडाला काय कळतंय मालक?"

याला मला उत्तर सुचलं नाही. कारण खरंच, काय कळतंय. ती टेस्ट अंदाज सांगते, दिवस नाही सांगत. सहा दिवस कागदालाच कळतात.

मी पोराला विचारलं तुझा वाढदिवस कधी असतो रे, तर ते बापाकडं बघायला लागलं. मी दाखला परत दिला, एक झेरॉक्स काढली होती तिचे दोन रुपये पण घेतले नाहीत. ते दोघं रस्ता ओलांडून पलीकडं गेले. पलीकडं पण एक असंच दुकान आहे. मी माझ्या कामाला लागलो, एका म्हातारीचं आधार लिंक करायचं होतं, तिची तारीख अर्थातच एक जून. पंधरा-वीस मिनिटांनी मान वर केली तर बाप-लेक पलीकडच्या दुकानातून बाहेर पडत होते, बाप हातातला कागद हवेत हलवून वाळवत होता, आणि लॅमिनेशन अजून गरम असावं, कारण पोरगं सारखं हात लावायला बघत होतं आणि बाप त्याच्या हातावर चापट मारत होता.